काडाने धरलेली माती

कच्च्या विटेचा एक तुकडा पाण्याच्या ग्लासात सोडून पाहा. आधी बुडबुडे वर येतात, मग कडा ढासळतात आणि थोड्याच वेळात तळाशी चिखल उरतो. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. वाळलेल्या विटेत ते एकमेकांना धरून असतात ते कणांमधल्या क्षीण आकर्षणामुळे आणि उरल्यासुरल्या ओलाव्याच्या ताणामुळे. छिद्रांत पाणी शिरलं की आतली हवा कोंडते आणि पापुद्रे फाकवते.

भट्टीत वीट साधारण ९०० ते १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तेव्हा खनिजांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि कण कायमचे सांधले जातात. ती माती पुन्हा कधी मळता येत नाही. शिवाय त्यासाठी इंधन जाळावं लागतं ते वेगळंच.

न भाजता वीट टिकाऊ करायची, तर पिकाचं काड, भुसा, तूस कामाला येतं. वाळताना माती आकसते; काड तो ताण वाटून घेतं, त्यामुळे एका मोठ्या तड्याऐवजी केसासारख्या बारीक रेषांवर निभावतं. पोकळ काड्यांमुळे वीट हलकी होते, उष्णताही कमी वाहते. प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. ओल्या गाऱ्यात काडी पाणी पिऊन फुगते आणि वाळताना बारीक होते. मग तिच्याभोवती फट राहते, आणि अशा फटी वाढल्या की विटेची भार पेलण्याची ताकद घटते.

मला मात्र काडापेक्षा त्यातून उतरणारा रस जास्त मोलाचा वाटतो. जुने कारागीर गारा तुडवून काही दिवस तसाच मुरू देत. त्याला आंबूस वास येई, रंग काळपटे. या काळात सूक्ष्मजीव काडाच्या पेशीभित्ती फोडतात. त्यातून लांब साखळ्यांच्या शर्करा सुटतात, काही जिवाणू स्वतःही बुळबुळीत, चिकट द्रव्यं तयार करतात. ही द्रव्यं पापुद्र्यांना बिलगतात आणि वाळली की डिंकासारखी धरून ठेवतात. काही वनस्पतींतलं टॅनिन हे तुरट द्रव्य मातीचे गुठळलेले कण सुटे करतं. त्यामुळे कमी पाण्यात गारा मऊ होतो आणि वीट अधिक घट्ट बसते. कागद बनवताना लाकडातून वेगळं होणारं लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखर करणारं द्रव्यही असंच बांधून ठेवण्याचं काम करू शकतं, म्हणून संशोधकांचं त्याच्याकडे लक्ष आहे.

इजिप्तमधल्या रामेसिअम मंदिराच्या कोठारांच्या कमानी उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या आहेत. ३,२०० वर्षांहून जास्त काळ त्यातल्या काही उभ्या आहेत. तिथली कोरडी हवा त्यांना लाभली, हे खरंच. पावसाळी भागात एवढ्यावर भागत नाही, म्हणून बरेच जण मातीत थेट सिमेंट मिसळतात. पाणी त्याने नक्कीच अडतं, पण भिंत पाडल्यावर ती माती पुन्हा भिजवून नवी वीट घालता येत नाही, आणि कच्च्या विटेचा सगळ्यात मोठा गुण तोच आहे. त्यापेक्षा भिंतीखाली दगडी जोतं, वर छपराची रुंद वळचण आणि बाहेरून चुन्याचा गिलावा द्यावा. माती जिथे सतत भिजणारच असेल, तिथे तुसाची राख आणि चुना मिसळावा: नीट जाळलेल्या भाताच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) असते आणि चुन्याशी संयोग होऊन ती सावकाश, पण पक्की धरते.