दोन सुया की क्रोशा? घरच्या धावपळीत कुठलं काम हातात घ्यावं

बारशाला आलेलं टोपडं दोन सुयांवर विणलंय की क्रोशाने केलंय, हे बघताक्षणी ओळखता येतं. सुयांवरच्या साध्या विणीत सुलट बाजूला ‘व्ही’च्या आकाराचे टाके एकावर एक बसलेले दिसतात आणि उलट बाजूला आडवे उंचवटे. क्रोशाच्या कामात उभे खांब दिसतात, मध्ये फटी असतात आणि वरच्या काठावर साखळी असते. तरीही खात्री होत नसेल तर कापड आडवं ताणा. सुयांचं कापड सहज रुंद होतं आणि सोडल्यावर परत येतं. क्रोशाचं थोडंच हलतं.

हा फरक टाके कसे धरून ठेवलेले असतात त्यावरून पडतो. सुयांवर पूर्ण ओळीचे टाके एकाच वेळी उघडे असतात. साठ टाके घातले असतील तर साठच्या साठ सुईवर आणि सुई निसटली की सगळे धोक्यात. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे बंद होतो, आकड्यावर फक्त एक फास उरतो. म्हणून काम निवडताना दोन गोष्टी आधी विचारात घ्याव्यात: कितीदा मध्येच उठावं लागणार आहे आणि कपडा कुठे ताणला जाणार आहे. नमुना सुंदर आहे का, हे त्यानंतर.

घरात तान्हं बाळ असेल, कुणाचं पथ्यपाणी सांभाळायचं असेल, दाराची बेल सतत वाजत असेल तर क्रोशा सोयीचा. उठताना फास दोन-तीन इंच लांब ओढा, त्यात सेफ्टी पिन अडकवा आणि काम खाली ठेवा. पोराने दोरा ओढलाच तर चार-सहा टाके उसवतील, जास्त नाही.

सुयांचं काम शक्यतो ओळ संपवूनच ठेवावं. ओळीच्या मध्ये उठावं लागलं तर टाके सुयांच्या मागच्या टोकाकडे सरकवा आणि दोन्ही टोकांना मिळून रबरबँड गुंडाळा. परत बसताना हमखास होणारी चूक म्हणजे उलट्या दिशेने सुरुवात करणे. गुंड्याकडून येणारी लोकर ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्याला लटकते आहे ती सुई उजव्या हातात हवी. सुयांची अदलाबदल झाली तर आपण विणलेल्या भागावरूनच माघारी येतो, त्या जागी भोक पडतं आणि एक बाजू दोन ओळींनी उंच होते. आठवडाभराने स्वेटर एका बाजूला का चढला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

टाका गळला तर घाबरून सुई ओढू नये. गळलेल्या टाक्यात आधी पिन अडकवा, म्हणजे सुटलेल्या आडव्या धाग्यांची शिडी आणखी खाली जाणार नाही. मग त्या उभ्या रांगेपर्यंत विणत या, सुलट बाजू आपल्याकडे ठेवा, क्रोशाची सुई टाक्यात समोरून घाला आणि शिडीचा सर्वांत खालचा धागा पकडून त्यातून पुढे ओढा. एकेक पायरी चढत वर या आणि टाका डाव्या सुईवर ठेवा. त्यामुळे सुयांचं काम करणाऱ्याच्या पिशवीतही एक क्रोशा असायलाच हवा.

ताणाच्या बाबतीत मात्र सुयांना तोड नाही. स्वेटरची मनगटं, गळा, पायमोजे, टोपीचा काठ, हे सगळं दोन सुलट दोन उलट या विणीत करावं. क्रोशाचा बंद गळा बाळाच्या डोक्यातून जात नाही, कारण तान्ह्याचं डोकं छातीच्या मानाने मोठं असतं. क्रोशाचा झगा करायचाच असेल तर पाठीला किंवा खांद्यावर उघडं ठेवून बटणं लावा.

नवजात बाळाच्या टोपीत दोन्हींचा हिशेब नीट कळतो. डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी धरा. सुयांवर टोपी ३० सेंमीची करायची, बाकीचं काम ताण करतो. ४ प्लाय लोकर आणि १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिमीच्या सुया घेतल्या तर १० सेंमीत २८ टाके बसतात, म्हणून ८४ टाके. सपाट विणून मागे शिवायची असेल तर ८६ घाला आणि काठाची सुलट बाजूची ओळ दोन सुलटांनी सुरू करून दोन सुलटांनीच संपवा. शिवणीत दोन्हीकडचा एकेक टाका आत जातो, उरलेले दोन शेजारी येतात आणि पट्टा अखंड दिसतो. टाके घालताना हात आवळला तर काठ ताणत नाही. त्या एका ओळीपुरत्या दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला, मग एक काढून घ्या.

क्रोशाची टोपी माथ्यापासून सुरू होते. पहिल्या फेरीत १२ खांब (क्रोशाचे उंच टाके), दुसरीत प्रत्येक खांबावर दोन म्हणजे २४, तिसरीत एकाआड एक वाढवून ३६, चौथीत ४८. फेरीला बरोबर १२ वाढले तर चकती सपाट राहते. कमी वाढवले तर ती वाटीसारखी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. घेराला ३.१४ ने भागलं की ११ सेंमी येतात, पण टोपी थोडी घट्ट हवी, म्हणून चकती १०.५ सेंमी झाली की वाढवणं थांबवा आणि खांबावर खांब करत खाली या. कडेला शेवटच्या दोन फेऱ्या मुक्या खांबाच्या, म्हणजे बुटक्या टाक्याच्या, केल्या तर आकार टिकतो.

क्रोशाचा रुमाल किंवा मफलर हळूहळू त्रिकोणी होत गेला तर कारण एकच: ओळीचा शेवटचा टाका सुटतोय. खांबाच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब असतो, तेव्हा परत येताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या टोकावर घालायचा. दर चार ओळींनी टाके मोजा, पुढचं उसवणं वाचेल.

तान्ह्याच्या हातमोज्यांना आणि बुटांना जाळीची वीण कधीही नको, ती कितीही गोड दिसली तरी. बोटं भोकांत अडकतात. वीण कुठलीही असो, मोजे आतून उलटून सुटे धागे बघावेत. लोंबणारा धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह अडतो.

माप जन्मतारखेवरून नव्हे, थंडीवरून ठरवा. जूनमध्ये जन्मणारं बाळ पुण्या-नाशिकच्या थंडीत सहा महिन्यांचं असेल, नवजाताचा जाड स्वेटर त्याला एकदाही होणार नाही. मुंबईत किंवा गोव्यात लोकरीपेक्षा सुती दोऱ्याचा क्रोशाचा झगा जास्त वापरला जाईल.

काळजीच्या दिवसांत हात बदलतो, हे जाणून काम निवडावं. दवाखान्यात बाहेर बसून विणताना बहुतेकांची लोकर आवळली जाते. १० सेंमीत २८ ऐवजी ३१ टाके बसले तर त्याच ८४ टाक्यांची टोपी ३० ऐवजी २७ सेंमी होते. म्हणून अशा वेळी मापाचं काम घरी ठेवा. सोबत फक्त सुलट टाक्यांचा मफलर न्या किंवा क्रोशाचे चौकोन. चौकोन थोडा लहान झाला तर पांघरूण जोडताना त्याला मुक्या खांबाची एक फेरी जास्त देता येते, आणि एक चौकोन हरवला तरी काही अडत नाही.

दोन्ही येत असतील तर स्वेटर सुयांवर आणि पुढची पट्टी क्रोशाने करावी. साध्या विणीच्या कडा आत वळतात, ही पट्टी त्यांना सरळ धरते. दर चार ओळींच्या कडेला तीन मुके खांब घाला. पट्टीला झालर आली तर टाके कमी करा, कड आखडली तर वाढवा. बटणासाठी वेगळं काज नको: दुसऱ्या ओळीत चार साखळ्या करा, खालचे दोन टाके सोडून पुढच्यात अडकवा, आणि पुढची ओळ घालण्याआधी बटण त्यातून घालून बघा.