तालमीत मॅट घालण्याआधी: वस्ताद आणि पालकांसाठी माहिती

मॅटच्या चौकशीला येणारे वस्ताद बहुतेक वेळा आधी एकच विचारतात: "कुस्तीचा मातीचा हौदा बुजवून त्याच जागी मॅट टाकली तर चालेल का?" मॅट विकणं हा आमचा धंदा आहे, तरी आम्ही नकोच म्हणतो. हौदा राहू द्या. मॅटला वेगळी जागा काढा, मोठी नसेल तर लहान मॅट घ्या. पैलवानाला दोन्ही लागतात.

फरक नेमका कुठे पडतो

मातीतली निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत चालते. तिथे दम राखणं, खाली बसून मान आखडून जोडीला (समोरच्या पैलवानाला) दमवणं हेही कसबच आहे. मॅटवर 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती. 9 मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला 1 गुण. मातीत पाठ कलली तरी पूल करून (डोकं आणि पाय टेकून कमान करून) सुटता येतं आणि कुस्ती चालू राहते. मॅटवर चितपट वाचते, पण 2 गुण गेलेले असतात. फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. त्यामुळे मातीत तयार झालेलं ताकदवान पोरगंही अंदाज घेता घेता हरतं.

डावांचंही तसंच. घिस्सा मारताना खालच्या जोडीच्या लंगोटाला पक्कड घालून त्याला पलटवतात. मॅटवर कपडा धरणं नियमबाह्य, म्हणून हाताला धरायलाच काही उरत नाही. तिथे कमरेला विळखा घालून जोडीला लोळवायचा भारंदाज मारावा लागतो, आणि उभ्या कुस्तीत एकेरी-दुहेरी पट काढण्याचा (एक किंवा दोन्ही पाय धरून पाडण्याचा) वेग लागतो. ढाक आणि कलाजंग हे फेकीचे डाव मात्र दोन्हीकडे चालतात. उभ्या जोडीला थेट पाठीवर आणलं तर मॅटवर एका झटक्यात 4 गुण मिळतात. मातीतल्या पोरांनी ही शिदोरी सोडू नये.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅटची आणि तिथल्या नियमांची त्यांना सवय नव्हती. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. अंगातली कुस्ती मातीची होती, तिला मॅटची सवय जोडली गेली. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात आणि त्यांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात.

माती का सोडू नये

फावड्यानं हौदा खणणं हीच मोठी मेहनत आहे. पाठ, खांदे, पंजा, सगळं त्यात तयार होतं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट चिकटतो, अंग वळतं पण पाऊल वळत नाही आणि गुडघ्यावर पीळ येतो. म्हणून लहान पोरांना आधी माती द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. शालेय स्पर्धेत उतरायचं ठरलं की मग आठवड्यातले निम्मे दिवस मॅटवर लढत घ्या.

मॅट घेताना

स्पर्धेची पूर्ण मॅट 12 बाय 12 मीटरची, साधारण 6 सेंटीमीटर जाडीची असते. बऱ्याच तालमींत ती मावत नाही. मधल्या भागापुरती मॅट घेतली तरी सराव होतो, पण भिंतीपासून अंतर सोडा आणि खांबांना फोम बांधा. फरशी समतल नसेल तर तुकड्यांमध्ये फट पडते आणि त्या फटीत बोट अडकून मोडतं. वरचं कव्हर ताणून बसलेलं हवं. सुरकुती दिसली तर त्या दिवशी लढत घेऊ नका.

स्वच्छतेत ढिलाई नको. नायटा एका पोराला झाला की मॅटवरून सगळ्यांना होतो. रोज सरावाआधी आणि नंतर जंतुनाशकाच्या पाण्यानं मॅट पुसा. मॅटचे बूट बाहेर वापरू देऊ नका. हौद्यातून आलेल्या पोरानं आंघोळ केल्याशिवाय मॅटवर चढायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. मातीचे कण कव्हरवर घासले की ते लवकर फाटतं.

मागणी देण्याआधी खोलीची लांबी-रुंदी, खांबांची जागा आणि दाराची रुंदी मोजून आणा. मॅटचे तुकडे दारातून आत जातील का, हे त्यावरून लगेच सांगता येतं.