इतिहासातला क्षण आणि आपलं लिखाण

एखाद्या मोठ्या घटनेची तारीख धरायची आणि त्या दिवशी आपण किंवा आपल्या घरातले कुठे होते, काय करत होते तिथून लिहायला लागायचं, असा हा आत्मपर लेखनाचा प्रकार. लेखन कार्यशाळेत चालतो, शाळेच्या निबंधात चालतो, फॅमिली ग्रुपवर तर न सांगता चालतो. घटना म्हणजे नुसती खुंटी, तिच्यावर टांगायचं ते आपलं.

पुण्यातलं ठळक उदाहरण म्हणजे पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला सकाळी आंबी नदीवरचं, अजून काम पुरं न झालेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. आता हे सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याने यातच अर्धं पान घालवलं की लिखाण मेलंच. खरा माल वेगळाच असतो. शहराचं पिण्याचं पाणी यायचं खडकवासल्यातून, म्हणजे घरात चिखल आणि नळ कोरडा, मग वाड्यातला बुजत आलेला आड कुणी उपसला, आजीने पळताना कपाटातलं नेमकं काय उचललं, कोणाच्या गच्चीवर रात्र काढली, आणि नंतर गोखलेनगर, लोकमान्यनगरला राहायला गेल्यावर जुने शेजारी परत भेटले का. 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी कालगणना काही घरांत अजून चालते, आणि माझ्या मते आत्मपर लिखाणाला यापेक्षा चांगली सुरुवात मिळणं अवघड आहे.

किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३, पहाटे, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं) किंवा मुंबईतली २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, यांवरही असंच लिहिलं जातं. २६ जुलैवाले लोक तर कुठून कुठपर्यंत चालत गेलो हे आधी सांगतात, बाकी नंतर.

ब्रिटनमध्ये मास ऑब्झर्वेशन या गटाने १९३७ साली हेच पद्धतशीर केलं. १२ मे ला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता, आणि स्वयंसेवकांना त्या दिवसाची स्वतःची डायरी लिहायला सांगितली. राजा एका बाजूला आणि लोकांचा चहा-नाश्ता, गर्दी, कंटाळा दुसऱ्या बाजूला, भारी कल्पना होती.

एक भानगड मात्र आहे. अशा दिवसांची आठवण लख्ख वाटते, म्हणून ती बरोबर असेलच असं नाही. १९८६ ला चॅलेंजर यान फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी अल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकन विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतलं, आणि अडीचेक वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांची हकीकत पार बदललेली, वर खात्री मात्र ठाम. खुद्द नायसरना आठवायचं की पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची (डिसेंबर १९४१) बातमी आली तेव्हा ते रेडिओवर बेसबॉल ऐकत होते. डिसेंबरात बेसबॉल नसतो.

म्हणून तारीख-वार एकदा बघून घ्यावा. आजोबा 'रविवार होता, सगळे घरीच होतो' असं सांगत असतील तर १२ जुलै १९६१ ला बुधवार होता. आजोबांचा रविवार खोडू नये, तसाच ठेवावा आणि पुढच्याच ओळीत बुधवार लिहावा, मग सगळे घरी का वाटतात ते शोधत बसावं.