निदान चुकलं, तर ग्राहक आयोग की मेडिकल कौन्सिल?

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो हार्ट ॲटॅक होता. घरचे चिडतात, 'मेडिकल कौन्सिलमध्ये खेचू, भरपाई घेऊ' म्हणतात. इथेच गल्लत होते. कौन्सिल रुग्णाला एक रुपयाही मिळवून देऊ शकत नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या हातात डॉक्टरची नोंदणी असते. ताकीद द्यायची किंवा नाव काही काळ अथवा कायमचं नोंदवहीतून काढायचं, एवढंच. रुग्णालयाच्या कारभाराला ती हात लावत नाही, आणि होमिओपॅथी-आयुर्वेदाच्या परिषदा वेगळ्या. निकाल डॉक्टरच्या विरोधात गेला, तर अपिलाचा हक्क २०१९च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्याने त्याला दिला आहे; त्या कलमात रुग्णाचं नावही नाही.

पैसे हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही प्रतिवादी करता येतं, रुग्ण दगावला असेल तर वारस तक्रार करू शकतात, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात चालते. कोणत्या पातळीवर जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नाही, भरलेल्या बिलावर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. बिल ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फीही नाही, मग मागणी ३० लाखांची का असेना. निकालाविरुद्ध राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, त्या रुग्णालयाविरुद्ध हे दार बंद आहे. काहींकडून पैसे घेतले जात असतील तर मोफत उपचार घेतलेलाही ग्राहक ठरतो. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितलं.

आता मुदत, कारण बहुतेक जण फसतात ते इथेच. आयोगाकडे दोन वर्षं. 'आधी कौन्सिलचा निकाल लागू दे' म्हणून थांबलात तरी हे घड्याळ थांबत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार करायला कायद्याची आडकाठी नाही. चूक उशिरा उघड झाली तर मुदत तेव्हापासून मोजतात, पण ही सवलत ताणता येत नाही. शस्त्रक्रियेत पोटात गॉझ (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिलेल्या एका रुग्णाची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये मुदतबाह्य ठरवली. नऊ वर्षं पोट दुखत असताना ती वेदनाशामक गोळ्या घेत राहिली. आणि ती स्वतः परिचारिका होती.

निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं दोन्हीकडे मानत नाहीत. सवाल असतो तो लक्षणं पाहून साधा, समंजस डॉक्टर जे करेल ते केलं का. ईसीजी काढला आणि तो चुकीचा वाचला, हा वादाचा मुद्दा. काढलाच नाही, तर बाजू बरीच भक्कम. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असंही नाही: मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिल्याच्या प्रकरणात २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याशिवाय जिल्हा पातळीवर मिळालेली २ लाखांची भरपाई पुन्हा बहाल केली. गुंतागुंतीच्या दाव्यात मात्र दुसऱ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाचं लेखी मत आधीच घ्यावं.

कागद मिळवताना डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ते मागाहून, नीटनेटकं लिहिलेलं असतं. पूर्ण इनडोअर केसपेपर मागा, नर्सिंग नोट्ससकट. 'रात्री २.१० छातीत दुखतंय, डॉक्टरांना कळवलं' अशी ओळ सापडते ती तिथेच. अर्ज लेखी द्या, पोच घ्या; ७२ तासांत प्रत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच जपून ठेवायचे असतात, तेव्हा रेंगाळू नका. कॅन्सरच्या निदानाचा वाद असेल तर लॅबकडून स्लाइडबरोबर ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) घ्या, म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला नव्याने काप घेता येतात. आणि ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असते, उन्हात आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पुसट होत जाते. हातात आली त्याच दिवशी झेरॉक्स काढा, वरच्या कोपऱ्यात छापलेली वेळ त्यात नीट आली आहे ना हे बघून.