नॉमिनी कोण आणि वारस कोण?

मुलुंडच्या एखाद्या सोसायटीतला वन बीएचके घ्या, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. वडील गेले. सोसायटीच्या नोंदीत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव निघतं. ताईला वाटतं, घर दादाचं झालं. दादालाही तसंच वाटतं. समज दोघांचाही चुकीचा, आणि त्यापायी चांगली भावंडं एकमेकांशी बोलेनाशी होतात, याचं फार वाईट वाटतं.

पैसे किंवा वस्तू कोणाच्या हाती सोपवली की आपण मोकळे, एवढाच बँकेचा आणि सोसायटीचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर म्हणजे नॉमिनी. मालकी कोणाची, हे मृत्युपत्र ठरवतं. ते नसेल तर वारसा कायदा. वरच्या घरात मृत्युपत्र नसेल आणि कुटुंब हिंदू असेल, तर आई, दादा आणि ताई यांचा सारखा वाटा. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच. आजीला सगळेच विसरतात! २०१९ साली महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात झालेल्या बदलानुसार, वारसांची नोंद होईपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. म्हणजे मेंटेनन्सचं बिल दादाच्या नावाने आलं, तरी फ्लॅट एकट्याने विकायचा हक्क त्याला मिळत नाही.

शेअर्सचंही तेच, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, पण चार नावं लावली म्हणून चार मालक होत नाहीत. आयुर्विमा मात्र थोडा वेगळा: २०१५ च्या दुरुस्तीपासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर सहसा ती रक्कम त्यांचीच होते.

म्हणून घरच्या फाइलीत नुसती नॉमिनींची यादी पुरत नाही. एका पानावर रकाने आखा: काय आहे, कागद कुठे आहे, नॉमिनी कोण, मृत्युपत्रात कोणाला. ‘फ्लॅट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, नॉमिनी थोरला, मृत्युपत्रात पत्नीला’ इतकं नेमकं लिहा. शेवटचा रकाना कोरा राहिला, तर आधी मृत्युपत्राचं बघा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार शक्यतो असे निवडा ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही. आणि मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो उघडेपर्यंतच घरच्यांना त्या कागदाची गरज पडलेली असते.