एफ/22 लावलं की फोटो शार्प? उलटंच!

गोदाघाटावर पहाटे ट्रायपॉड लावणाऱ्यांत एक समज पक्का आहे: अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, जितकं बारीक, तितका फोटो शार्प. मग एफ/22 वर (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) काढलेलं रामकुंड मऊ आलं की दोष लेन्सला, आणि नव्या लेन्सपायी खिशाला चाट.

खरं कारण विवर्तन. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, बिंदूचा ठिपका होतो. एफ/8 ला हा ठिपका साधारण 11 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ/22 ला जवळपास 30. आणि 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा पिक्सेल? जेमतेम 4 मायक्रॉन! म्हणजे 22 ला एक बिंदू कित्येक पिक्सेलवर पसरतो. डेप्थ (जवळून लांबपर्यंत फोकसमध्ये राहणारा पट्टा) वाढते हे खरं, पण धार जाते.

खात्री करायची तर भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, 2 सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) 10 पट मोठा करून हाताने फोकस करा, एफ/5.6, 8, 11 आणि 22 ला एकेक फोटो काढून 100 टक्क्यांवर पाहा. फक्त 22 चा मऊ असेल तर लेन्स ठणठणीत आहे. चारही मऊ? आधी तो स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढा, काच पुसा. डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) लाइव्ह व्ह्यूत शार्प, पण व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने मऊ येत असेल, तर गडबड फोकसच्या जुळणीत. बॉडीत मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटची (ऑटोफोकस किंचित पुढे-मागे करण्याची) सोय असेल तर ही गडबड बहुधा घरीच सुटते.