नवराबायकोची दोन कार्डे: आधी कोणते लावायचे?

ऑन्टारिओत दोघेही नोकरीला असले की घरात नोकरीतून मिळणाऱ्या औषधविम्याची (प्लॅनची) दोन कार्डे येतात. दोन्ही चालतात, हे आपल्या ग्राहकांना ठाऊकच आहे. घोळ होतो तो क्रमाचा.

"ह्यांच्या कार्डावर शंभर टक्के मिळतात, तेच आधी लावा," असे आमच्या फार्मसीच्या काउंटरवर नेहमी ऐकू येते. तसे चालत नाही. ज्याचे औषध, त्याच्या स्वतःच्या नोकरीचे कार्ड आधी. उरलेले जोडीदाराच्या कार्डावर. बायकोचे औषध १०० डॉलरचे, तिचा प्लॅन ८० टक्के देतो, तर राहिलेले २० नवऱ्याच्या प्लॅनकडे जातात. त्याचाही प्लॅन ८० टक्क्यांचाच असला, तरी ते २० बहुधा पूर्ण सुटतात. डिस्पेन्सिंग फीवर (औषध देण्याच्या फार्मसीच्या शुल्कावर) प्लॅनची मर्यादा असेल किंवा जेनेरिक सोडून ब्रँडच हवा असेल, तर दोन कार्डे लावूनही थोडे खिशातून जातात. ते आम्ही वाढवलेले नसतात.

मुलांचे वेगळे. आईवडिलांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो, त्याचे कार्ड पहिले. वयाने मोठे कोण, हे कुणी बघत नाही. वडील नोव्हेंबर १९८५ चे, आई मार्च १९८९ ची, तर मान आईच्या कार्डाचा. (आईवडील वेगळे राहत असतील तर क्रम बदलतो, आम्हाला विचारा.) आणि मूल तुमच्या खासगी प्लॅनवर असेल, तर 'ओहिप प्लस' (मुलांना आणि तरुणांना औषधे मोफत देणारी ऑन्टारिओची सरकारी योजना) त्याला लागू नाही.

क्रम उलटा झाला की क्लेम तिथेच अडकतो. त्याहून वाईट म्हणजे कधी तो मंजूर होतो, आणि काही महिन्यांनी विमा कंपनी पैसे परत मागते. मग जुने क्लेम एकेक रद्द करून पुन्हा लावायचे, तेही मागे रांग उभी असताना. "नोकरी बदलली का?" असे आम्ही सारखे विचारतो, ते चौकशा करायची हौस म्हणून नाही. नवे कार्ड आले, पण जोडीदाराच्या विमा कंपनीला कळवलेच नाही, की दुसरा क्लेम नाकारला जातो. तो फोन प्लॅन ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचा असतो. आमचे तिथे कुणी ऐकत नाही.

दोघांची कार्डे एकदा घेऊन या, क्रम लावून नोंदवून ठेवतो. औषधे दुसऱ्या फार्मसीत चालू असतील, तर ती इकडे वळवून घ्यायचा फोन आम्ही करतो. काही प्लॅन दुसरा क्लेम काउंटरवरून घेत नाहीत. त्यासाठी पहिल्या कंपनीने किती दिले ते दाखवणारी पावती मागून घ्या.